वाद्यांकडून कंठाकडे : कार्ल नील्सन यांचा सूरप्रवास

११ एप्रिल १९३० रोजी कोपनहेगनमधील न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक या शिल्पसंग्रहालयाच्या सभागृहात एक गायनवृंद श्रोत्यांसमोर उभा राहिला. त्याच्यापुढे ऑर्केस्ट्रा नव्हता, मागे ऑर्गन नव्हता, साथीला साधा पियानोही नव्हता. स्त्री-पुरुषांच्या कंठांतून उमटणारे सूर आणि दगडी भिंतींमधली शांतता, एवढेच त्या मैफलीचे साहित्य होते. भाषा लॅटिन होती, शब्द बायबलमधील स्तोत्रसंहितेचे होते आणि रचनेची रीत सोळाव्या शतकाशी नाते सांगणारी होती. त्या संध्याकाळी प्रथमच गायिल्या गेलेल्या तीन मोटेट रचना मिळून जेमतेम पाव तासाचे संगीत होते.

त्यांचा कर्ता मात्र ज्याच्या नावावर सहा सिंफनी आणि दोन ऑपेरा जमा होते असा, डेन्मार्कचा त्या काळचा सर्वांत मोठा संगीतकार होता. कार्ल नील्सन यांचे वय तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. हृदय दुबळे झाले होते आणि आयुष्याचे जेमतेम दीड वर्ष शिल्लक होते. ज्याने आयुष्यभर वाद्यमेळाच्या प्रचंड शक्तीशी झुंज घेतली, त्याला अखेरच्या काळात सगळी वाद्ये बाजूला ठेवून नुसत्या कंठासाठी लिहावेसे का वाटले असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मागे, फ्यून बेटावरच्या एका दरिद्री घरापर्यंत जावे लागते.

रंगाऱ्याचा मुलगा

कार्लचा जन्म ९ जून १८६५ रोजी फ्यून बेटावर, ओडेन्से शहराच्या दक्षिणेला नोर लिंडेल्से गावाजवळच्या सोर्टेलुंग या वस्तीत झाला. बारा भावंडांतला तो सातवा. वडील नील्स योर्गेन्सन घरांना रंग देण्याचे काम करीत, म्हणून पंचक्रोशी त्यांना नील्स रंगारी या नावानेच ओळखे. नील्सचा मुलगा तो नील्सन, असे त्या काळच्या ग्रामीण डेन्मार्कमधील नामकरण होते. रंगाऱ्याच्या मिळकतीत एवढे मोठे कुटुंब पोसणे अवघड होते. त्यामुळे लग्नसमारंभांत आणि गावच्या नाचांत व्हायोलिन व कॉर्नेट वाजवून वडील चार पैसे अधिक मिळवीत. आई मारेन कर्स्टिन हिच्यापाशी वाद्य नव्हते, पण गळा होता. घरकाम करताना ती जुनी लोकगीते गात असे. कार्लच्या कानावर पडलेले पहिले संगीत ते हेच, कसल्याही साथीविना आलेले आईचे गाणे.

घराजवळ रचून ठेवलेल्या सरपणाच्या ओंडक्यांवर ठोकून पाहण्याचा छंद या पोराला लागला. आखूड ओंडका उंच सूर देतो, लांब ओंडका खर्जात बोलतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो त्यांवर चाली वाजवू लागला. पुढे सहाव्या वर्षाच्या सुमारास तो गोवर येऊन अंथरुणावर पडला असताना आईने भिंतीवरचे लहान आकाराचे व्हायोलिन काढून त्याच्या हाती दिले. त्यावरही त्याने आईने गायिलेल्या चाली स्वतःच शोधून काढल्या. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने एक अंगाईगीत आणि एक पोल्का रचला.

बाकी बालपण कष्टाचेच होते. कोवळ्या वयात त्याने शेतावर हंस राखण्याचे काम केले, वीटभट्टीवर राबला आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या बरोबरीने नाचांत व्हायोलिन वाजवले. शाळा सुटल्यावर तो एका किराणा दुकानदाराकडे उमेदवारीला लागला. त्या दुकानदाराचे दिवाळे वाजले आणि डेन्मार्कच्या संगीताचे नशीब उघडले. १८७९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कार्ल ओडेन्से येथील सोळाव्या पलटणीच्या बँडमध्ये दाखल झाला. तिथे बिगुल आणि आल्टो ट्रॉम्बोन ही वाद्ये त्याच्या वाट्याला आली.

लष्करी बँडच्या पगारातून वाचवलेल्या पैशांवर त्याने पियानो घेतला. एका पानगृहात पियानो वाजवणाऱ्या वृद्ध कलावंताने त्याची मोझार्ट, बीथोव्हन आणि बाख यांच्याशी गाठ घालून दिली. गावच्या नाचांच्या तालावर वाढलेल्या या मुलाला बाखच्या रचना प्रथम कोड्यासारख्या वाटल्या. दोन-तीन चाली एकाच वेळी चालतात, तरीही एकीच्या पायात दुसरी येत नाही, ही किमया त्याला तिथे दिसली. त्या किमयेने त्याला पुढे जन्मभर सोडले नाही.

कोपनहेगनची वाट

१८८३ मध्ये आपल्या काही रचना बगलेत मारून हा तरुण कोपनहेगनला गेला आणि नील्स गेडे यांना भेटला. गेडे हे मेंडेल्सोनच्या परंपरेतले, साऱ्या युरोपात मान असलेले संगीतकार आणि राजधानीतील संगीत विद्यालयाचे प्रमुख होते. त्यांनी मुलाच्या अंगचे गुण ओळखले. फ्यूनमधील हितचिंतकांनी पैशांची तजवीज केली. त्यांच्यामध्ये पुढे देशाचे पंतप्रधान झालेले क्लाउस बेर्न्ट्सन हेही होते. १८८४ च्या आरंभी कार्लने विद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८६ अखेर शिक्षण पुरे केले. रचनाशास्त्रातले त्यांचे खरे गुरू ओर्ला रोसेनहोफ. विद्यालय सोडल्यावरही नील्सन त्यांच्याकडे शिकत राहिले.

१८८९ मध्ये त्यांना राजदरबारच्या वाद्यवृंदात, म्हणजे रॉयल चॅपलमध्ये, दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत जागा मिळाली. पोटापाण्याची ही नोकरी त्यांनी १९०५ पर्यंत केली. १८९४ च्या मार्चमध्ये त्यांची पहिली सिंफनी याच वाद्यवृंदाने सादर केली तेव्हा ते आपल्या नेहमीच्या जागेवर बसून वाजवत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेतून उठून त्यांनी श्रोत्यांना अभिवादन केले.

तत्पूर्वी आयुष्यातली एक मोठी घटना घडून गेली होती. शिष्यवृत्ती घेऊन ते जर्मनी आणि फ्रान्स पाहण्यास निघाले. १८९१ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये त्यांची ॲन मारी ब्रोडर्सन या डॅनिश शिल्पकर्तीशी भेट झाली. लवकरच, १० मे १८९१ रोजी, फ्लोरेन्स येथे दोघांचा विवाह झाला. ॲन मारी काही नवऱ्याच्या सावलीत राहणारी गृहिणी नव्हती. ती स्वतः उच्च दर्जाची कलावंत होती आणि लग्नानंतरही तिने आपली छिन्नी खाली ठेवली नाही.

इटलीतल्या त्या मधुचंद्रात पादुआ येथे तिशियनचे एक भित्तिचित्र त्यांनी पाहिले. मत्सराने पेटलेला नवरा पत्नीवर शस्त्र उगारतो, असा त्याचा विषय. त्या चित्रातून नील्सन यांच्या मनात प्रेमस्तोत्राची कल्पना रुजली आणि १८९७ मध्ये ‘हिम्नुस आमोरिस’ ही वृंदगान व वाद्यवृंदाची रचना रंगमंचावर आली. बाल्य, तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य या चार अवस्थांतले प्रेम त्यात गायिले आहे. मूळ डॅनिश शब्द त्यांनी मुद्दाम लॅटिनमध्ये करवून घेतले. लॅटिन भाषा गाणाऱ्याला आपल्या खाजगी भावनेच्या वर उचलते, आणि एकच शब्द वृंदाने पुन्हा पुन्हा उच्चारला तरी तो कंटाळवाणा होत नाही, अशी त्यामागची भूमिका त्यांनी स्वतः मांडली होती. लॅटिनकडे ते पुन्हा वळणार होते, पण मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ जायचा होता.

दगडफोड्याचे गाणे

‘साऊल आणि दाविद’ हा ऑपेरा १९०२ मध्ये आणि ‘मास्कारादे’ १९०६ मध्ये रंगभूमीवर आला. होल्बेर्गच्या जुन्या प्रहसनावर बेतलेला दुसरा ऑपेरा पुढे डेन्मार्कचा राष्ट्रीय ऑपेरा मानला जाऊ लागला. एकामागून एक सिंफनी लिहिल्या जात होत्या. समीक्षक कधी डोक्यावर घेत, कधी बुचकळ्यात पडत. परंतु सामान्य डॅनिश माणसाच्या घरात नील्सन शिरले ते सिंफनीच्या नव्हे, एका साध्या गाण्याच्या वाटेने.

येप्पे ओकेयर या कवीने येन्स नावाच्या एका दगडफोड्यावर कविता लिहिली होती. जन्मभर रस्त्याच्या कडेला खडी फोडणारा हा म्हातारा मेल्यावर त्याच्या थडग्यावर एक दगडसुद्धा उभा राहत नाही, लाकडाची कुजकी फळी तेवढी असते, असा त्या कवितेचा आशय. नील्सन यांनी तिला चाल लावली आणि बघता बघता ती साऱ्या देशाच्या ओठांवर गेली. घरे रंगवून आणि नाचांत वाजवून संसार चालवणाऱ्या बापाच्या मुलालाच ती चाल सुचावी, यात नवल नाही.

टोमास लाउब हे कोपनहेगनच्या होल्मेन्स चर्चचे ऑर्गनवादक. चर्चमधील प्रार्थनागीते एकोणिसाव्या शतकाच्या भावविवशतेने बिघडवली आहेत, त्यांना पुन्हा जुन्या, स्वच्छ वळणावर आणले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सहकार्याने नील्सन यांनी १९१५ आणि १९१७ मध्ये डॅनिश गीतांचे दोन संग्रह प्रसिद्ध केले. चाल अशी हवी की ती एकदा ऐकल्यावर पूर्वीपासून ओळखीची वाटावी, गायला कोणाही माणसाला जमावी, आणि तरीही बाजारू होऊ नये, हा त्यांचा दंडक होता. १९२२ मध्ये आणखी दोघा संगीतकारांसह त्यांनी लोकविद्यापीठांसाठी चालींचे पुस्तक सिद्ध केले. शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलामुलींना शिक्षण देणाऱ्या या निवासी शाळांत दिवसाचा आरंभ सामूहिक गाण्याने होत असे. त्या पुस्तकाने नील्सन यांच्या चाली खेड्यापाड्यांत पोहोचवल्या.

याच काळातला त्यांचा एक विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे. संगीत सुस्त झाले असेल तर त्यावर औषध अधिक मसाला घालणे हे नव्हे. माणसाने साध्या स्वरांतरांकडे पुन्हा नव्या कानाने वळले पाहिजे. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या स्वराची झेप हीच मुळात केवढी मोठी गोष्ट आहे, ते अनुभवले पाहिजे, असे ते सांगत. तंबोऱ्यातून निघणारा षड्ज-पंचम ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हा विचार मुळीच परका वाटणार नाही.

घराची पडझड

गाणी साधी होत होती तसे घर मात्र गुंतागुंतीचे होत चालले होते. ॲन मारीला मोठमोठी कामे मिळत होती. राजा नववा ख्रिस्तियान याच्या अश्वारूढ पुतळ्याच्या कामासाठी ती दीर्घकाळ घराबाहेर असे. मुलगा हान्स बोर्ये याला लहानपणी मेंदूज्वर झाला आणि तो जन्माचा अपंग झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कार्लने केलेली प्रतारणा तिच्या कानावर गेली. या स्वाभिमानी स्त्रीने ती मुकाट्याने गिळली नाही. पुढची कित्येक वर्षे दोघे एकमेकांपासून दुरावलेले राहिले. १९१४ मध्ये त्यांनी रॉयल थिएटरमधील संचालकाची नोकरीही सोडली.

याच अवधीत त्यांची चौथी सिंफनी जन्मली. १९१६ मध्ये सादर झालेल्या या कृतीला त्यांनी कधीही न विझणारे असे नाव दिले. तिच्या अखेरीस दोन वादक दोन बाजूंनी नगारे बडवीत वाद्यवृंदावर चालून जातात आणि तरीही चाल तगून राहते. १९२२ मधल्या पाचव्या सिंफनीत तर ताशासारख्या लष्करी ढोलाचा वादक साऱ्या संगीताला बंद पाडू पाहतो. पलटणीच्या बँडमध्ये वाढलेल्या माणसाला त्या ढोलाची ताकद पुरती ठाऊक होती.

१९२२ हे वर्ष समेटाचे ठरले. पती-पत्नी पुन्हा एकत्र आली. त्याच उन्हाळ्यात ओडेन्सेच्या गुरांच्या बाजाराच्या प्रशस्त शेडमध्ये शेकडो गायकांनी त्यांचे ‘फ्यूनमधील वसंत’ हे वृंदगान गायिले. त्याचे शब्द ओगे बेर्न्ट्सन यांचे. एकेकाळी कार्लला कोपनहेगनला धाडण्यास मदत करणाऱ्या क्लाउस बेर्न्ट्सन यांचेच ते चिरंजीव. सफरचंदांचा बहर, गावातला आंधळा वादक, म्हातारी माणसे, नाचणारी तरुण जोडपी असे सारे गाव त्यात गाते.

पण शरीराने साथ सोडण्यास सुरुवात केली होती. हृदयविकाराचे झटके येऊ लागले. १९२५ मध्ये साठावा वाढदिवस देशभर थाटाने साजरा झाला. मशाली घेऊन मिरवणूक निघाली, मानसन्मान झाले. त्यानंतर मात्र वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी साऱ्यांना चकित केले. पुन्हा आयुष्य मिळाले तर कलेचे खूळ डोक्यातून काढून टाकून एखाद्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करीन, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. कलेने कीर्ती दिली होती, पण जन्मभर पैशाची ओढाताण केली होती, घर विस्कटले होते आणि आता श्वासही पुरेनासा झाला होता. १९२७ मध्ये त्यांनी आपल्या फ्यूनमधील बालपणाच्या आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. डॅनिश गद्याचा नमुना म्हणून ते पुस्तक आजही आवडीने वाचले जाते. थकलेला माणूस पुन्हा सरपणाच्या त्या ढिगाकडे आणि आईच्या गाण्याकडे पाहू लागला होता.

तीन मोटेट

डेन्मार्कमध्ये वाद्यांविना गायनाची परंपरा जुनी आहे. राजा चौथा ख्रिस्तियान याने मोगेन्स पेडरसन या तरुण संगीतकाराला व्हेनिसला जोव्हान्नी गाब्रिएली यांच्याकडे शिकण्यास धाडले होते. त्याच्या पवित्र वृंदगानांचा संग्रह १६२० मध्ये कोपनहेगनला छापला गेला. त्यानंतरच्या शतकांत ऑपेरा, सिंफनी आणि पियानो यांच्या वैभवात ही जुनी विद्या मागे पडली.

तिला पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत दोन तरुण माणसे होती, आणि दोघेही लाउब व नील्सन यांचे शिष्य होते. पहिले क्नूड येप्पेसेन. सोळाव्या शतकातील इटालियन संगीतकार पालेस्त्रिना याच्या रचनांत विसंवादी स्वर कसा येतो, कुठे थांबतो आणि कसा सुटतो, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९२० च्या दशकात प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध जगभर प्रमाण मानला गेला. दुसरे मोगेन्स वोल्डिके. त्यांनी १९२२ मध्ये पालेस्त्रिना याच्याच नावाने एक गायनवृंद स्थापन केला. गुरूने आता शिष्यांकडून शिकायचे ठरवले. सहा सिंफनी लिहून झालेल्या नील्सन यांनी पालेस्त्रिनाची पद्धत नव्याने अभ्यासली आणि १९२९ मध्ये वोल्डिके यांच्या वृंदासाठी तीन मोटेट लिहिली.

ही पद्धत काय आहे, ते आपल्या संगीताशी ताडून पाहिले तर लवकर समजते. आपल्याकडे भजनात शंभर माणसे गात असली तरी ती शंभरही जण एकच चाल गातात. काउंटरपॉइंट या रचनापद्धतीत प्रत्येक आवाजाला स्वतःची स्वतंत्र चाल असते. गोव्यातील चर्चमध्ये ज्यांनी वृंदगान ऐकले आहे, त्यांना सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास ही चार आवाजांची विभागणी परिचित असेल. एक आवाज वाक्य उच्चारतो, दुसरा तेच वाक्य वेगळ्या उंचीवरून उचलतो, तोवर पहिला पुढे गेलेला असतो. प्रत्येक चाल स्वतंत्रपणे गाता येईल इतकी सरळ हवी, आणि सगळ्या एकत्र आल्यावर त्यांच्यात संवाद हवा. उंच उडी मारली तर पुढच्या पावलांनी ती भरून काढायची. दोन स्वरांत कलह झालाच तर तो आधी सूचित करायचा आणि लगेच एका पायरीने मिटवायचा. वाद्याचा आधार नसल्यामुळे एक आवाज घसरला की सारा डोलारा घसरतो. प्रत्येक गायकाला शेजाऱ्याचे ऐकावेच लागते. स्वतःचा सूर न सोडता दुसऱ्याच्या सुराला जागा देणे, एवढाच या विद्येचा सार आहे.

तिन्ही मोटेटांचे शब्द लॅटिन स्तोत्रसंहितेतून निवडलेले आहेत. पहिल्यात अतिशय खचून गेलेल्या, अंतःकरणातून आक्रोश करणाऱ्या माणसाची हाक आहे. तिथे सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा उंच आवाज, नील्सन यांनी वापरलेलाच नाही. आल्टो, दोन टेनर आणि बास अशा खालच्या आवाजांतून ते दुःख वर येऊ पाहते. स्वर एकमेकांना घासत, अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकत जातात. रीत पालेस्त्रिनाची असली तरी वेदना विसाव्या शतकाची आहे.

दुसऱ्या मोटेटात ते प्रसिद्ध मेंढपाळाचे स्तोत्र आहे. परमेश्वर माझा सांभाळ करतो, मला हिरव्या कुरणात नेतो, असा भाव. इथे चारही आवाज समतोलाने येतात आणि संगीत संथ पाण्यासारखे वाहू लागते. लहानपणी फ्यूनच्या माळावर हंस राखणारा मुलगा ते लिहीत होता, हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला त्या कुरणाचा वास आल्यावाचून राहत नाही.

तिसरे मोटेट परमेश्वराच्या स्तुतीचे आहे. आता आवाज पाच झाले आहेत आणि त्यांत दोन सोप्रानो आहेत. पहिल्या मोटेटात ज्या उंचीला दार बंद होते, ते तिथे सताड उघडते. अंधाराकडून उजेडाकडे जाण्यासाठी नील्सन यांना नगारे किंवा तुताऱ्या लागल्या नाहीत. कोणता कंठ केव्हा बोलेल, एवढे ठरवून त्यांनी तो प्रवास घडवला. चौथ्या सिंफनीत दोन नगाऱ्यांशी झगडून जे सांगितले होते, ते इथे कोणीही कोणावर चालून न जाता सांगितले गेले.

नील्सन हे रूढ अर्थाने फार धार्मिक गृहस्थ होते असे म्हणता येणार नाही. तरीही त्यांनी प्रार्थनागीतांना सुमारे पन्नास चाली दिल्या आणि अखेरीस स्तोत्रसंहिता हाती घेतली. हिम्नुस आमोरिसच्या वेळी लॅटिनबद्दल जे मत त्यांनी मांडले होते, तेच इथे फळाला आले. स्वतःचे दुखणे स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या नावाने सांगण्याऐवजी त्यांनी ते हजारो वर्षे माणसे उच्चारीत आलेल्या शब्दांच्या स्वाधीन केले.

अखेर आणि नंतर

१९३१ च्या आरंभी त्यांनी ऑर्गनसाठी ‘कोमोतिओ’ ही दीर्घ रचना पुरी केली. तीही जुन्या बहुस्वरी विद्येचीच कन्या. त्याच वर्षी ज्या विद्यालयात ते खेड्यातून आलेला विद्यार्थी म्हणून शिरले होते, त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ते त्यांना फार काळ सांभाळता आले नाही. ३ ऑक्टोबर १९३१ रोजी कोपनहेगनच्या रुग्णालयात त्यांचे हृदय थांबले. अंत्यविधीच्या वेळी प्रार्थनागीतांसह जे जे संगीत झाले, ते सारे त्यांचेच होते.

त्यांनी पेरलेले पुढे उगवले. व्हाग्न होल्म्बो या मुलाला नील्सन यांच्या शिफारशीवरून संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि तिथे तो येप्पेसेन यांच्याकडे शिकला. पुढे त्याने लॅटिन शब्दांवर वाद्यविरहित मोटेटांची मोठी मालिकाच लिहिली. होल्म्बो यांचे शिष्य पेर नॉरगोर. १९८० मधले त्यांचे ‘वी आइन किंड’ हे मिश्र वृंदगान जगातील नामांकित गायनवृंद आव्हान म्हणून गातात. आज डॅनिश वृंदगानाचा जो दबदबा आहे, त्याच्या मुळाशी ही गुरुशिष्यांची साखळी आहे.

त्या साखळीबाहेरही त्यांचा वारसा पसरला. १९४० मध्ये जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापल्यावर लोक शस्त्रे घेऊन नव्हे, गाणी घेऊन चौकांत आणि बागांत जमले. त्या वर्षी १ सप्टेंबरला देशभर लाखो माणसे एकाच दिवशी एकत्र गायिली. गाता येईल, लक्षात राहील आणि कोणालाही आपली वाटेल अशा चालींचा साठा लोकांपाशी असल्याशिवाय असे घडत नाही. तो साठा घडवणाऱ्यांत नील्सन अग्रभागी होते. पुढे कित्येक वर्षे शंभर क्रोनरच्या नोटेवर त्यांचा चेहरा झळकत होता. ज्याला कलेऐवजी व्यापार करायला हवा होता असे वाटले, त्याचा चेहरा अखेर प्रत्येक व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जाऊन बसला.

पतीच्या मृत्यूनंतर ॲन मारी यांनी त्यांची स्मारके स्वतःच्या हातांनी घडवली. कोपनहेगनमध्ये १९३९ साली उभ्या राहिलेल्या स्मारकात पौराणिक अश्वावर बसून पावा वाजवणारा तरुण आहे. नोर लिंडेल्से गावातले त्यांचे शिल्प मात्र अधिक साधे आहे. तिथे प्रौढ संगीतकार नाही, हातात संचालकाची काठी नाही, छातीवर पदके नाहीत. एक खेडवळ पोरगा पावा वाजवतो आहे. त्या स्त्रीने त्याच्यापायी दुःख भोगले होते, त्याचा वियोग आणि समेट दोन्ही पाहिले होते. तिला त्याच्यातला टिकणारा भाग कोणता, ते नेमके ठाऊक होते. तीन मोटेट कानी पडताना ऐकू येतो तो सिंफनींचा कर्ता नव्हे. ओंडक्यांमधून सूर शोधणारा आणि चुलीपाशी गाणाऱ्या आईकडे कान लावून बसलेला तोच मुलगा तिथे ऐकू येतो.